अंतराळ वसाहतीसाठी एआय एजंटांची टीम: सिम्युलेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या अभियांत्रिकी कॉलेजांतले विद्यार्थी, सॉफ्टवेअरमधली मंडळी आणि हौशी खगोलप्रेमी हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरांत सगळीकडे एकच काल्पनिक वसाहत धरली आहे: चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, सहा माणसं, ३०० घनमीटर हवेची जागा, आत समुद्रसपाटीइतका हवेचा दाब. जिथे मंगळाचा विषय येतो तिथे तसं लिहिलं आहे.

यात नेमकं बनवायचं काय असतं?

दोन वेगळ्या गोष्टी. पहिली म्हणजे वसाहत: टाक्या, बॅटऱ्या, पंप, स्क्रबर (हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणारं यंत्र), एअरलॉक (बाहेर जायची दोन दारांची खोली), रोव्हर, माणसं. हा साधा, ठरावीक नियमांनी चालणारा कोड असतो, त्यात एआय काही नसतं. दुसरी म्हणजे एजंटांची टीम. प्रत्येक एजंटला वसाहतीचा एक भाग दिसतो, त्याच्याकडे काही मोजके अधिकार असतात आणि बाकीच्यांशी बोलून तो कामं ठरवतो.

बहुतेक जण दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतात, कारण तीच मजेची. तसं करू नका. वसाहतीचं गणित कच्चं असेल तर एजंटांनी घेतलेला निर्णय शहाणपणाचा होता की नुसतं नशीब, हे तपासायला काहीच हातात राहत नाही.

मग गणित कुठून सुरू करायचं?

हवेपासून. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा जणांचा हिशेब: ५.०४ किलो ऑक्सिजन आत, ६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर.

ऑक्सिजन पाण्याच्या विद्युत-विघटनातून काढायचा. ५.०४ किलो ऑक्सिजनसाठी ५.६७ किलो पाणी लागतं आणि सोबत ०.६३ किलो हायड्रोजन मिळतो. हा हायड्रोजन सबातिए अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडशी जोडला की पुन्हा पाणी आणि मिथेन तयार होतो. पण ०.६३ किलो हायड्रोजन फक्त ३.४७ किलो कार्बन डायऑक्साइडला पुरतो. त्यातून २.८४ किलो पाणी परत येतं आणि १.२६ किलो मिथेन उरतो. म्हणजे या चक्रात रोज २.८३ किलो पाणी कमी होतं आणि अडीच किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड तसाच शिल्लक राहतो, जो बाहेर सोडावा लागतो.

पुष्कळ प्रकल्पांत ‘पाणी १०० टक्के परत मिळतं’ असं गृहीत धरलेलं असतं आणि ही गळती दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाणी परत मिळवण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांवर पोहोचल्याचं नासाने २०२३ मध्ये जाहीर केलं. लघवी गाळून उरलेल्या खारट द्रवातूनही पाणी काढणारं यंत्र बसवल्यावर हे जमलं. तुमच्या मॉडेलमध्ये ९८ टाका, ९५ टाका, पण १०० टाकू नका.

वीज त्यानंतर. वर सांगितलेल्या विद्युत-विघटनाला सिद्धांताने दिवसाला सुमारे २५ युनिट लागतात आणि प्रत्यक्षात बरीच जास्त. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही कड्यांवर वर्षातला ८० टक्क्यांहून जास्त काळ ऊन असतं, पण मधूनमधून सलग काही दिवस अंधारही येतो. वसाहतीचा सरासरी भार २० किलोवॅट आणि अंधार ७२ तासांचा धरला, तर १४४० युनिट लागतील. बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायची नाही असं ठरवलं तर क्षमता १८०० युनिट हवी. किलोमागे २०० वॅट-तास या हिशेबाने नुसत्या बॅटऱ्याच ९ टन भरतात. हा आकडा एकदा समोर आला की वीज एजंट कंजूष का असतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

टाइमस्टेप (सिम्युलेशनचं घड्याळ एका वेळी किती पुढे सरकतं) किती ठेवावा?

हवेसाठी एक मिनिट, वीज आणि पाण्यासाठी दहा मिनिटं ते एक तास, माणसांच्या कामांसाठी घटनांवर आधारित. पायथनमध्ये सिमपाय ही लायब्ररी या कामाला छान पडते. मेसा ही लायब्ररीही चालेल, पण तिची ठेवण पावलापावलाने चालणाऱ्या मॉडेलांसाठी जास्त सोयीची आहे.

स्क्रबर बंद पडला तर एजंटांकडे किती वेळ असतो?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि खरं तर हा पहिला असायला हवा. सहा माणसं तासाला पाव किलो कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोलीच्या तापमानाला तो सुमारे ०.१३६ घनमीटर भरतो. ३०० घनमीटरमध्ये ही वाढ तासाला साधारण ४५० पीपीएमची (पीपीएम म्हणजे दहा लाखांत इतके भाग). पातळी २५०० पीपीएमवर असताना स्क्रबर थांबला तर ५००० ला पोहोचायला साडेपाच तास. पृथ्वीवरच्या कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी ५००० ही नेहमीची मर्यादा असते.

साडेपाच तास हा वेळ पुरेसा आहे, म्हणून घाईने सगळ्या एजंटांची बैठक बोलवायची गरज नाही. पण तीच माणसं सौर वादळापासून आडोशाला २० घनमीटरच्या छोट्या खोलीत शिरली, तर तासाला सुमारे ६८०० पीपीएम वाढतात. तिथे चर्चेला वेळ नाही. एकाच बिघाडाला जागेप्रमाणे वेगळा प्रतिसाद द्यायचा असतो, आणि हे एजंटला स्वतःहून कळत नाही. त्याला ‘मर्यादेपर्यंत उरलेली मिनिटं’ हा आकडा वसाहतीच्या कोडने काढून द्यावा.

एजंट किती असावेत?

पाच ते सात. आमची पसंती अशी: जीवनाधार (हवा, पाणी, तापमान), वीज, बाहेरची कामं (एअरलॉक, रोव्हर, अंतराळपोशाख), दुरुस्ती आणि सुटे भाग, माणसांचं वेळापत्रक आणि प्रकृती, आणि पृथ्वीवरचं नियंत्रण. सहा एजंटांत बोलणाऱ्या जोड्या १५ होतात. बारा केले की ६६. ‘प्रत्येक पंपाला एक एजंट’ ही कल्पना कागदावर छान दिसते, प्रत्यक्षात निम्मा वेळ एकमेकांना कळवण्यात जातो.

ते आपसात काम कसं वाटून घेतात?

निविदा पद्धतीने. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेला ‘काँट्रॅक्ट नेट’ हा प्रकार अजूनही सगळ्यात सरळ आहे. ज्याला काम करून हवंय तो घोषणा करतो, ज्यांना जमेल ते निविदा भरतात, घोषणा करणारा एकाला काम देतो, काम झालं की अहवाल येतो.

उदाहरण घ्या. अंधार सुरू व्हायला १० तास आहेत. बाहेरच्या कामांच्या एजंटला रोव्हर चार्ज करायला ४० युनिट हवेत, जीवनाधार एजंटला ऑक्सिजनची टाकी भरून ठेवायला ३० हवेत आणि वीज एजंटकडे द्यायला ५० आहेत. वीज एजंट ५० युनिटांची घोषणा करतो. निविदेत फक्त ‘मला हवेत’ असं चालत नाही. मागणी किती, त्यातली किती पुढे ढकलता येईल, आणि न मिळाल्यास काय व किती तासांनी बिघडेल, हे तिन्ही भरावं लागतं. जीवनाधार लिहितो: टाकीत ९ दिवसांचा साठा आहे, ३० पैकी २० पुढे ढकलता येतील. तिथेच प्रश्न सुटतो. हा रकाना नसेल तर प्रत्येक एजंट आपलं काम ‘अत्यावश्यक’ लिहितो आणि वीज एजंट नाणं उडवल्यासारखा निर्णय देतो.

प्रत्येक संदेशात ठरलेले रकाने ठेवा: पाठवणारा, कोणासाठी, पाठवल्याची सिम्युलेशनमधली वेळ, मुदत, रक्कम आणि एकक. मुदत संपलेली निविदा आपोआप रद्द व्हायला हवी. हे केलं नाही तर तीन तासांपूर्वीच्या बॅटरीच्या आकड्यावर आज काम वाटलं जातं, आणि लॉग वाचताना सगळं बरोबरच दिसतं.

एककांबाबत कडक राहा. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावलं, कारण एका सॉफ्टवेअरने आवेग पौंड-बल-सेकंदांत दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. भाषा मॉडेलवर (मजकूर वाचून उत्तर लिहिणाऱ्या एआयवर) चालणारे एजंट तर लिटर आणि किलो, वॅट आणि वॅट-तास यांत सर्रास घोळ घालतात. एकक रकान्याच्या नावातच लिहा आणि एकक नसलेला संदेश कोडने परत पाठवावा.

शेवटचा शब्द कोणाचा?

तीन थर ठेवा. सगळ्यात खाली इंटरलॉक: एअरलॉकची दोन्ही दारं एकदम उघडणार नाहीत, ऑक्सिजनची टाकी ठरावीक पातळीखाली बाहेरच्या कामासाठी वापरता येणार नाही. हे कोडमध्येच, कोणत्याही एजंटला न विचारता. एजंटने कितीही सुंदर कारण दिलं तरी विनंती नाकारली जाते. मधला थर एजंटांचा. वरचा माणसांचा: सिम्युलेशनमध्ये वसाहतीचा प्रमुख ‘थांबवा’ म्हणाला की सगळे एजंट आहे त्या सुरक्षित स्थितीत थांबतात.

याखेरीज दोन एजंट एकमेकांची वाट बघत अडकण्याचा धोका असतोच. अडक टाळायची तर नियम साधा: संसाधनं नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने मागायची (आधी वीज, मग माणूस, मग एअरलॉक), आणि प्रत्येक ताब्याला मुदत.

हा धोका पुस्तकी नाही. डीप स्पेस १ या यानावर मे १९९९ मध्ये ‘रिमोट एजंट’ नावाच्या एआय प्रणालीकडे काही दिवस यानाचा ताबा दिला होता. तिने आयन इंजिन वेळेवर बंद केलं नाही. शोध घेतल्यावर कळलं की सॉफ्टवेअरचे दोन धागे एकमेकांत अडकले होते आणि जमिनीवरच्या भरपूर चाचण्यांत हे एकदाही दिसलं नव्हतं. प्रयोगाची उद्दिष्टं नंतर पूर्ण झाली. पण एजंटांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना मुळातून वाचावी.

दुसरा नमुना मार्स पाथफाइंडरचा, जुलै १९९७. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक सामाईक कुलूप धरून ठेवलं, मधल्या प्राधान्याची कामं मध्ये घुसत राहिली, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम कुलपासाठी ताटकळलं. दर वेळी पहारेकरी टायमरने संगणकच नव्याने सुरू केला. फास्ट लोकल स्लो ट्रॅकवर वळवली की पुढची स्लो हलेपर्यंत तिच्या ‘फास्ट’ असण्याला अर्थ नसतो, तसं झालं. उपायही त्याच जातीचा होता: ज्याने कुलूप धरलंय त्याला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य द्यायचं, म्हणजे तो आटोपून बाजूला होतो. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून हे साधलं. तुमच्या एजंटांतही तेच करा.

पृथ्वीशी संपर्कातला उशीर कसा दाखवायचा?

चंद्रापर्यंत एका बाजूने सुमारे १.३ सेकंद, मंगळापर्यंत साधारण ३ ते २२ मिनिटं. मंगळ सूर्याआड गेला की साधारण २६ महिन्यांतून एकदा सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात.

कोडमध्ये उशीर म्हणजे झोप नव्हे. प्रोग्रॅम थांबवून ठेवायचा नाही. संदेश रांगेत टाका, त्याच्यावर पोहोचण्याची वेळ लिहा, आणि ती वेळ आल्याशिवाय तो कोणाला दिसू देऊ नका.

इथली नेहमीची चोरी अशी: संदेशांना उशीर असतो, पण ‘पृथ्वी नियंत्रण’ एजंट वसाहतीची ताजी स्थिती थेट सामाईक डेटाबेसमधून वाचतो. म्हणजे त्याला भविष्य दिसतं. पृथ्वीच्या एजंटला उशिराने पोहोचलेली वेगळी प्रत द्या. हे एकदा नीट केलं की मंगळाच्या सिम्युलेशनमध्ये पृथ्वीची भूमिका झपाट्याने बदलते: आज्ञा देणारा मागे पडतो, पुढच्या दिवसाचा आराखडा पाठवणारा उरतो.

भाषा मॉडेल वापरायलाच हवं का?

नाही. बॅटरीचं चार्जिंग, टाकीची पातळी, स्क्रबरची पाळी ही कामं चार ओळींच्या नियमांनी जास्त चांगली होतात. वेळापत्रकासाठी गणिती सॉल्व्हर भाषा मॉडेलला सहज मागे टाकतो. भाषा मॉडेलचा उपयोग होतो तो जिथे माहिती अर्धवट आणि शब्दांत असते तिथे: ‘पंपातून घरघर येतेय, पण दाब ठीक आहे’ अशी अंतराळवीराची नोंद वाचून दुरुस्ती एजंटने पुढे काय तपासावं हे सुचवणं, किंवा दोन एजंटांचा तिढा माणसाला तीन वाक्यांत समजावणं.

भाषा मॉडेलच्या एजंटांत नेहमी दिसणारे दोष असे. एक, सगळे फार लवकर सहमत होतात; चुकीचा प्रस्ताव मुद्दाम सोडून बघा, किती जण ‘हो’ म्हणतात ते कळेल. दोन, आकडे स्वतःच्या मनाने भरतात. म्हणून बेरीज-वजाबाकीसुद्धा कोडकडून करून घ्या. तीन, लांबलेल्या संभाषणात सुरुवातीची अट विसरतात. चार, एकमेकांचे आभार मानण्याच्या फेऱ्यांत अडकतात. हा शेवटचा दोष हसण्यावारी नेऊ नका, टोकनं (मॉडेल वाचतं-लिहितं ते शब्दांचे तुकडे) खरोखर त्यातच जातात. प्रत्येक वाटाघाटीला तीन फेऱ्यांची मर्यादा घाला.

घरच्या लॅपटॉपवर चालेल?

चालेल. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटांत आवळलं की साधारण ५ जीबी जागा घेतं, म्हणजे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. मॉडेल चालवायला ओलामा किंवा लामा डॉट सीपीपी हे सॉफ्टवेअर वापरा.

खरी अडचण वेळेची. सहा एजंटांना दर तासाला विचारलं तर ३० दिवसांत ४३२० वेळा विचारणं होतं. प्रत्येक उत्तर १५० टोकनांचं आणि वेग सेकंदाला ८ टोकन धरला तर नुसती उत्तरं लिहायलाच सुमारे २३ तास लागतात. म्हणून दर तासाला विचारू नका. पातळीने मर्यादा ओलांडली, बिघाड झाला, नवी घोषणा आली, एवढ्याच वेळी एजंटला जागं करा. मग हाच आकडा काही शेकड्यांवर येतो.

मे महिन्यात मुंबईतल्या बंद खोलीत रात्रभर चालवलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. निकालावर त्याचा परिणाम होता कामा नये, कारण सिम्युलेशनची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी बांधलेली नसावी. ‘एजंटने १० सेकंदांत उत्तर दिलं नाही तर बाद’ असा नियम खऱ्या घड्याळावर ठेवला असेल, तर उन्हाळ्यात तुमची वसाहत जास्त वेळा मरेल. विचाराला लागणारा वेळ सिम्युलेशनमध्ये ठरावीक मिनिटांचा धरा. आणि दर सिम्युलेशन-दिवसाच्या शेवटी सगळी स्थिती डिस्कवर उतरवा. पावसाळ्यात वीज गेली तर सुरुवातीपासून चालवायची वेळ येत नाही.

काय काय बिघडवून बघावं?

एकटा बिघाड कोणालाही हाताळता येतो. दोन एकत्र घाला.

धूळ घ्या. अपोलोच्या मोहिमांत चांद्रधुळीने पोशाखांची सील आणि सांधे घासले. अपोलो १७ मध्ये रोव्हरच्या चाकावरचं मडगार्ड तुटलं तेव्हा अंतराळवीरांनी नकाशे चिकटपट्टीने जोडून नवं केलं, कारण त्याशिवाय धुळीचा फवारा अंगावर येत होता. मॉडेलमध्ये प्रत्येक बाहेरच्या फेरीमागे सीलची झीज धरा, आणि गळती इतकी हळूहळू वाढू द्या की एका दिवसात ती सेन्सरच्या चुकीत लपेल. जीवनाधार एजंटला नायट्रोजनच्या (जो माणसं वापरत नाहीत) आठवड्याच्या हिशेबातूनच ती सापडायला हवी.

सुट्या भागांचं गणित असं. एखादा पंप सरासरी ४००० तासांनी बिघडतो असं धरलं, तर वर्षात २.१९ बिघाड अपेक्षित. म्हणून तीन भाग पुरतील? नाही. प्वासाँ वितरणाने (ठरावीक काळात किती बिघाड होतील याची शक्यता काढायचं सूत्र) चार भाग पुरण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के, पाच भागांची सुमारे ९७.५, सहांची ९९ च्या थोडी वर. असे वीस प्रकारचे भाग असतील आणि प्रत्येकाची शक्यता ९३ टक्के, तर एकही न संपता वर्ष निभण्याची शक्यता चौथ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय सगळे पंप एकाच सदोष खेपेतले निघाले तर हे वितरण लागूच होत नाही. त्यासाठी वेगळा प्रसंग लिहा.

खोटं बोलणारा सेन्सर हवाच. एका जागी अडकलेला आकडा, हळूहळू सरकणारा आकडा आणि मधूनच गायब होणारा, असे तीन प्रकार.

बाहेरच्या कामांत मर्यादा खऱ्या ठेवा: फेरी साडेसहा तासांच्या आसपास, बाहेर नेहमी दोघं, आत एक जण त्यांच्यावर लक्ष ठेवून. पोशाखातला दाब आतल्या दाबाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो. त्यामुळे आधी शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेण्याचा वेळ द्यावा लागतो. हा वेळ विसरलेला एजंट ‘दहा मिनिटांत बाहेर पाठवतो’ असं बिनधास्त सांगतो.

शेती घालावी का?

पहिल्या आवृत्तीत नको. झाडांचा ऑक्सिजन प्रकाशाबरोबर वर-खाली होतो आणि दिव्यांची वीज बाकी सगळा हिशेब गिळते. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये चवळीचे दाणे रुजवले, ते कौतुकाचंच. पण मोड येणं आणि सहा माणसांचं जेवण यांत खूप मोठा पल्ला आहे.

सिम्युलेशन बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

दर टाइमस्टेपला वस्तुमान मोजा. ऑक्सिजन, हायड्रोजन, कार्बन यांचे एकूण अणू सुरुवातीला होते तेवढेच असायला हवेत, बाहेर सोडलेले धरून. फरक ग्रॅमभराच्या वर गेला तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा. हे न करणारा प्रकल्प आम्ही गंभीरपणे घेत नाही.

पण समतोल जुळला म्हणजे सगळं आलं असंही नाही. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ मध्ये १९९१ ते १९९३ आठ माणसं बंद वास्तूत राहिली. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४.५ वर उतरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीतले जीवाणू ऑक्सिजन वापरत होते, तयार होणारा कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषत होतं, त्यामुळे हवेत तो त्या प्रमाणात वाढलेला दिसला नाही. भिंतीही हिशेबात येतात, त्यांना रकाना ठेवा.

मग तुलना. तीच वसाहत, तेच बिघाड, पण एजंटांऐवजी साधे ठरावीक नियम. दोन्ही किमान ३० वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या बीजावर) चालवा आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट पाच निकालही बघा. एजंटांची टीम नियमांपेक्षा सरस ठरली नाही तर तसंच लिहा. बऱ्याचदा ठरत नाही, विशेषतः नेहमीच्या दिवसांत. फरक पडलाच तर तो दोन बिघाड एकत्र आल्यावर पडतो.

भाषा मॉडेलचं तापमान (उत्तरातली यादृच्छिकता ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवलं तरी उत्तर दर वेळी तेच येईल याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक विचारणा आणि उत्तर साठवा, आणि साठवलेल्या उत्तरांवरून तीच फेरी पुन्हा चालवता येईल अशी सोय करा.

खऱ्या उपकरणांशी पडताळून बघता येईल?

हवेचा भाग घरीच येतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन एमएच-झेड१९ जातीचा कार्बन डायऑक्साइड सेन्सर घ्या, ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडा. सुरू केल्यावर तीन मिनिटं तापू द्या. त्यातली आपोआप शून्य जुळवण्याची सोय बंद करा. ती दिवसातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, ४०० पीपीएम, असं समजते, आणि सतत बंद असलेल्या खोलीत ते चुकीचं ठरतं.

१० बाय १० ची, सुमारे २७ घनमीटरची झोपायची खोली, स्प्लिट एसी, दार-खिडक्या बंद. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. दोन झोपलेल्या माणसांमुळे तासाला साधारण ९०० पीपीएमची वाढ हिशेबाने यावी. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून हवा बदलते, म्हणून आलेख वर जाऊन हळूहळू सपाट होतो. त्या वळणावरून तुमच्या खोलीत तासाला किती वेळा हवा बदलते ते काढा, तो आकडा मॉडेलमध्ये घाला आणि दुसऱ्या रात्रीचा आलेख आधीच काढून बघा. दोन्ही जुळले तर हवेचा कोड विश्वासाने पुढे न्या.

मंगळावर ऑक्सिजन बनवण्याच्या बाबतीत खरा आकडा हाताशी आहे. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी उपकरणाने १६ फेऱ्यांत एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला, कमाल वेग तासाला १२ ग्रॅम. सहा माणसांना तासाला २१० ग्रॅम लागतात.

मुंबईत यावर काम करायला कुठे वाव आहे?

पवईला आयआयटी मुंबईचा एरोस्पेस विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. शाळा-कॉलेजच्या मुलांना खगोलशास्त्राचा पाया पक्का करायचा तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि वरळीचं नेहरू तारांगण. अनेक विद्यापीठांच्या टीमना आपली सिम्युलेशनं जोडून एक चांद्रवसाहत चालवायची असेल, तर ‘सिम्युलेशन एक्सप्लोरेशन एक्सपिरियन्स’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम बघा. त्यात हाय लेव्हल आर्किटेक्चर हे जोडणीचं मानक वापरतात, आणि ते शिकायला एक सत्र सहज जातं. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर माणूस अशी लक्ष्यं जाहीर केली आहेत. तेव्हा हा विषय अगदीच परका राहिलेला नाही.

एजंटांना मराठीत सूचना दिल्या तर?

चालतं, पण किंमत मोजावी लागते. बहुतेक मॉडेलं देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन पाडतात, म्हणजे तेवढ्याच स्मृतीत कमी इतिहास मावतो. छोटी मॉडेलं देवनागरी आकड्यांतही गडबडतात. त्यामुळे एजंट-एजंटांतले संदेश ठरलेल्या रकान्यांत, आकडे यंत्राला सोपे पडतील अशा रूपात ठेवा, आणि माणसासाठीचा रोजचा अहवाल तेवढा मराठीत मागा. त्या अहवालातला प्रत्येक आकडा लॉगशी कोडने ताडून मगच पडद्यावर दाखवा. न जुळलेल्या आकड्याच्या जागी रिकामी चौकट दाखवली तरी चालेल.